काका, सिंकखाली टॉर्च मारायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोक्योतल्या निशी-कासाई आणि आसपासच्या स्टेशनांजवळ जुनं ‘मॅन्शन’ (जपानात पक्क्या इमारतीतल्या फ्लॅटला असंच म्हणतात) घेतलेली आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून हे पत्र लिहितोय. चारचौघांत लिहितोय, म्हणजे पुढच्यालाही उपयोग होईल.

सगळ्यात मोठे उपकार १९८१ या एका आकड्याचे. भूकंपाचा नवा नियम १ जून १९८१ पासून लागू झाला, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ती तारीख बांधकामाच्या परवानगीची धरायची, इमारत पुरी झाल्याची नाही, हे तुम्ही बजावलंत. १९८२ साली उभी राहिलेली इमारतही जुन्या नियमातली निघू शकते. म्हणून परवानगीच्या नोंदीचा दाखला हातात आल्याशिवाय भावाची गोष्ट काढायची नाही.

स्टेशनचं अंतर जाहिरातीत मिनिटाला ८० मीटर धरून लिहितात. सिग्नलला थांबणं आणि चढ त्यात येत नाही. तेव्हा स्वतः चालून बघायचं. तोझाई मेट्रो लाइन इथे पुलावरून धावते, त्यामुळे खिडकी उघडून पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी ऐकायची.

नवा वॉलपेपर बघून आम्ही हरखायचो, तेव्हा तुम्ही दुरुस्ती निधीचा कागद पुढे ठेवायचात. हा आपल्या सोसायटीतल्या सिंकिंग फंडाचा भाऊ. सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत २० मजल्यांखालच्या, ५,००० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतीसाठी सरासरी महिना ३३५ येन प्रति चौरस मीटर दिलीय. म्हणजे ६० चौरस मीटरला २०,००० च्या आसपास. तिथे ६,००० च घेत असतील तर ‘स्वस्त’ म्हणून खूश व्हायचं नाही. गच्ची, बाहेरच्या भिंती, लिफ्ट यांचा खर्च पुढे कर्जातून किंवा एकरकमी वसुलीतून अंगावर येतो. निधीत शिल्लक किती, किती जणांची बाकी थकलीय, मोठी दुरुस्ती शेवटची कधी झाली, हे मॅनेजमेंट कंपनीच्या अहवालात आणि सभेच्या इतिवृत्तांत सापडतं. आधीच्या मालकाची थकबाकी कायद्याने नव्या मालकाकडूनही वसूल होते, हे तर बऱ्याच जणांना सही झाल्यावरच कळतं.

आणि ते सिंकखालचं दार! टॉर्च मारून तुम्ही विचारायला लावलंत: पाण्याचे पाइप बदललेत का, कधी, आणि सांडपाण्याचा पाइप कुठून जातो? जुन्या लोखंडी पाइपांना आतून गंज चढतो, नळ सोडला की पहिलं पाणी तांबूस येतं. काही इमारतींत सांडपाण्याचा पाइप स्लॅब भेदून खालच्या घराच्या छतातून जातो. तो गळला तर दुरुस्तीला त्या घराचं छत उघडावं लागतं.

वीजही तशीच. तोक्यो भागातल्या जुन्या ब्रेकरचा रंगच बोलतो: हिरवा ३० अँपिअर, राखाडी ४०, जांभळा ६०. काही जुन्या इमारतींत घरटी मर्यादा ठरलेली असते, ती आपल्या मर्जीने वाढत नाही. मग इंडक्शन शेगडी आणि दोन एसी एकदम चालणार कसे? खिडक्या आणि मुख्य दार सामाईक मालकीचे, त्यामुळे आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. आतून दुसरी खिडकी मात्र बसवता येते. लाकडी फरशी घालायची तर खालच्या घरात आवाज किती जाऊ द्यायचा याची ठरलेली श्रेणी आधी इमारतीच्या नियमावलीत बघायची.

आपल्या या सखल एदोगावा वॉर्डात पुराचा नकाशा बघणं ओघानंच आलं. विजेची यंत्रणा तळमजल्यावर आहे की वर, हेही तुम्ही विचारायला लावलंत.

करारात इसार साधारण ५ ते १० टक्के. कर्ज नामंजूर झालं तर इसार परत, हे कलम आणि त्याची मुदत दोन्ही वाचून मगच शिक्का. दलाली जास्तीत जास्त ३ टक्के अधिक ६०,००० येन, वर कर. घर मिळवायचा कर काही महिन्यांनी वेगळा येतो, त्याचे पैसे बाजूला ठेवा म्हणून तुम्ही किती वेळा सांगितलंत!

या रविवारी आणखी दोन कुटुंबं घर बघायला निघालीत. त्यांना टॉर्च दिलाय, आणि ब्रेकरचा फोटो सगळ्यात आधी काढायला सांगितलंय.

कळावे, लोभ असावा.
तुमची निशी-कासाईची मंडळी