आत्या, तू मला बोलायला लावलं नाहीस

प्रिय आत्या,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. घरातलं माझ्यासारखं मोठं झालेलं ऑटिस्टिक माणूस कोलमडलं तर काय करायचं, हे तुझ्याकडून पुष्कळांना कळेल.

वाईला तुझ्याकडे आले तेव्हा मला साधा वरणभाताचा कुकर लावता येत नव्हता. पूर्वी सगळा स्वयंपाक यायचा. संध्याकाळ झाली की तोंडातून शब्द फुटत नसे, मिक्सर लागला की रडू यायचं. सगळे म्हणत, "घरात बसू नकोस, चार माणसांत मिसळ." माणसांत मिसळूनच तर मी संपले होते गं! ऑफिसात वर्षानुवर्षं नजरेला नजर द्यायची, सगळे हसले की हसायचं, ट्यूबलाइटचा त्रास चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही.

तू आधी वाचलंस. अमेरिकेतल्या संशोधक डोरा रेमेकर स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२० सालचा अभ्यास तू शब्दकोश घेऊन वाचलास. न संपणारा थकवा, येत असलेली कामं न जमणं, आवाज-उजेड सहन न होणं, आणि हे सगळं सहसा ३ महिने किंवा त्याहून जास्त टिकणं, याला त्यात ऑटिस्टिक बर्नआउट म्हटलं आहे. अपेक्षा झेपेनाशा होतात, आधार पुरत नाही, आणि हे वर्षानुवर्षं साचत जातं. बाबांना फोनवर तू हे वाचून दाखवलंस आणि म्हणालीस, "दादा, पोरगी आळशी नाही. तिला उठवायची घाई करू नकोस."

मग तू दारावरची घंटा काढलीस. मिक्सर लावण्याआधी सांगायला लागलीस. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचीस, मी हो-नाहीवर खूण करायची. गौरीच्या जेवणाला आलेल्या नातेवाइकांना "ती झोपली आहे" म्हणून सांगितलंस आणि माझं ताट वर आणून दिलंस. मी तासन् तास मोडीची जुनी कागदपत्रं वाचत बसायचे, तेव्हा "यातून काय मिळणार?" असं एकदाही विचारलं नाहीस. डोकं पहिल्यांदा शांत झालं ते त्या अक्षरांतच.

सगळं परत आलेलं नाही. गर्दीच्या बसने अजून जात नाही. पण आता घरून अर्धवेळ काम करते, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते आणि तो का बंद आहे ते उघडपणे सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्जही केला आहे.

यंदा गणपतीला येते आहे. आरतीला झांजा सुरू झाल्या की मी माडीवर जाईन. मोदक मात्र मीच वळणार.

तुझीच,
भाची