शेणापासून सुरुवात कर

वरोरा,
रविवार

प्रिय मीना,

तुझं पत्र वाचून हसूच आलं. चौथीच्या पोरांना डायनासोरची नावं तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, शाळेत दाखवायला एक जीवाश्म नाही, आणि मुख्याध्यापकांना पंधरा दिवसांत प्रदर्शन हवंय! नावांच्या शर्यतीत तू उतरूच नकोस, हरशील. टी-रेक्सचे दात किती इंचांचे, यावर आपण त्यांना काही नवं सांगणार नाही. पण ‘हे कळलं कसं?’ असं विचार, वर्ग गप्प होतो. माझ्या मते शिकवायचं तेवढंच आहे.

म्हणून म्हणते, शेणापासून सुरुवात कर.

आमच्या तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांतून डायनासोरची हाडं निघालीत आणि त्यांच्यासोबत दगड झालेली विष्ठाही. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप (आपण ज्या कॉलेजसमोर चहा प्यायचो ना, ते यांच्याच नावाचं) एकोणिसाव्या शतकात इथले जीवाश्म गोळा करत होते. त्या विष्ठेचा तुकडा हातात घेतलास तर साधा भुरा, लांबटगोल दगड वाटेल, वास वगैरे काही नाही. पोरं तरी आधी नाकाशी नेतातच.

पण दगड दाखवण्याआधी मी वर्गात गोवरी फोडायला लावते. एक वाळकी गोवरी, बादलीभर पाणी आणि चहाची जुनी गाळणी. गोवरी पाण्यात कालवायची, गाळायची, उरलेलं कागदावर पसरून भिंगातून बघायचं. कडब्याचे तुकडे दिसतात, तुरीचं टरफल दिसतं. गेल्या वर्षी त्यात गुटख्याच्या पुडीचा चकचकीत तुकडा सापडला. एक पोरगी लगेच म्हणाली, “बाई, ही गाय बस स्टँडवरची आहे.” गाय कुणी पाहिली नव्हती, पण तिचा पत्ता निघाला! त्या दिवशी मला पुढे फार बोलावं लागलं नाही.

मग पिसदुऱ्याची गोष्ट. गवताच्या पात्याने हात कापतो, धानाच्या पात्याने तर हमखास. कारण ही झाडं जमिनीतून सिलिका ओढून घेतात आणि पेशींमध्ये तिचे काचेसारखे बारीक कण साठवतात. या कणांचे आकार झाडागणिक वेगळे असतात. पान पोटात पचतं, कण पचत नाहीत. पिसदुऱ्याच्या विष्ठेत असे कण सापडले आणि त्यात गवताचेही निघाले. २००५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली, कारण तोवर बहुतेकांची समजूत अशी की डायनासोर गेल्यावरच गवताचा पसारा वाढला. ही विष्ठा बहुधा टायटनोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरची. पुढे २०११ मध्ये कळलं, त्यात भाताच्या कुळातलं गवतही होतं. आमच्या जिल्ह्यातल्या धानकरी घरच्या पोरांना हे सांगताना मला दर वेळी उगीचच अभिमान वाटतो, जसं काही मीच पेरलं होतं.

काळाचं मात्र तोंडी सांगू नकोस, आकड्यांनी डोकं बधिर होतं. मैदानात दोरी टाक. एक सेंटीमीटर म्हणजे दहा लाख वर्षं धर. पृथ्वीच्या जन्मासाठी दोरी ४६ मीटर लागेल, सुतळीचा आख्खा गुंडा ने. आजच्या टोकापासून डायनासोर संपले ती खूण ६६ सेंटीमीटरवर, ते उगवले ती सव्वादोन मीटरच्या थोडी पुढे. आपली माणसाची जात तीन मिलिमीटर. स्टेगोसॉरसला दीड मीटरवर उभं कर आणि टी-रेक्सला ६६ च्या जरा पलीकडे. त्या दोघांमधलं अंतर टी-रेक्स आणि आपल्यातल्या अंतरापेक्षा जास्त भरतं. खेळण्यांच्या डब्यात दोघं रोज मारामारी करतात, म्हणून पोरांचा विश्वास बसत नाही. त्यांनाच पट्टी घेऊन मोजू दे.

आणि एक गोष्ट राखून ठेव, शेवटच्या तासासाठी. गुजरातेत ढोली डुंगरी इथे १९८० च्या दशकात भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांचं घरटं सापडलं. दगडात अंडी आणि बारीक हाडं. हाडं पिल्लाचीच मानली गेली. २००१ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि मणके सापाचे आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, शेजारी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू, आणि तशातच सगळं गाडलं गेलं. २०१० मध्ये त्या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. वर्गात दगडाचं चित्र आधी दाखव, उत्तर सांगू नकोस. मणके बोटाने मोजू देत.

आता तुझं नाशिक. तिथे जीवाश्म नाहीत म्हणून हळहळू नकोस, का नाहीत ते शिकव. तुमचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. हजार अंशांवरच्या रसात कोण टिकणार? पण लाव्हा सलग वाहिला नाही. मध्ये मोठ्या उसंती पडल्या, तळी साचली, गाळ बसला, त्यात जीव राहिले. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशाच गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडलेत. चक्क वरळीत!

“मग डायनासोर लाव्ह्यानेच मेले ना बाई?” हे येणारच. मेक्सिकोत येऊन आदळलेली उल्का मुख्य गुन्हेगार. आपला लाव्हा त्याच्या आधीपासून वाहत होता आणि नंतरही वाहिला. त्याचा वाटा किती यावर अजून भांडणं चालू आहेत, तेही पोरांना सांग. मोठी माणसं अजून भांडतायत हे ऐकून त्यांना भारी मजा येते.

तू फोटो पाठवलेला ‘नेच्याचा जीवाश्म’ मात्र प्रदर्शनात त्या नावाने मांडू नकोस. मला तो मँगनीजचा डाग वाटतो. दगडाच्या फटीत खनिजाचं पाणी झिरपून अशी झाडासारखी नक्षी उमटते. भिंग लावून बघ, पानाची मधली शीर दिसते का? नसेल तर ‘फसवा जीवाश्म’ अशी चिठ्ठी लाव आणि शेजारी खरं नेच्याचं पान ठेव. फरक पोरांनाच शोधू दे. सगळ्यात जास्त गर्दी तिथे होईल, बघ.

दिवाळीत आलीस तर पिसदुऱ्याला नेईन. शेत दुसऱ्याचं असतं, त्यामुळे आधी विचारायचं, बघायचं, फोटो काढायचा, पण दगड उचलायचा नाही. तुझ्या लेकाला आधीच बजाव, त्याचे खिसे मला माहीत आहेत. काकूंना नमस्कार.

तुझी,
सुधा