कामगारमंत्र्यांना खुले पत्र: आयातीने बंद पडलेल्या कंपनीतला कामगार कुणाचा?

प्रति,
माननीय कामगारमंत्री, गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

२०१९ मध्ये चतुर्थी तोंडावर आलेली असताना कुंडईतल्या आमच्या कंपनीच्या गेटवर नोटीस लागली. एकोणीस वर्षं मी तिथे कपॅसिटरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांत वीज साठवणाऱ्या छोट्या भागाच्या, लाईनवर होतो. आमच्या मालात खोट नव्हती. पण आमचा जेवढा कच्च्या मालाचाच खर्च होता, तेवढ्यात बाहेरचा तयार कपॅसिटर मिळू लागला होता. भारत १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत अशा सुट्या भागांवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं. तो करार चुकला असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीला संगणक घेता आला तो त्या स्वस्ताईमुळेच. पण देशाने जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयात ज्यांचं काम गेलं, त्यांना पुढे कोण बघणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

माझा हिशेब सांगतो. कायद्याप्रमाणे भरपाई म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. एकोणीस वर्षांचे झाले २८५ दिवस. ग्रॅच्युइटी आणि पीएफ घराच्या कर्जात गेले. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडल्यावर पहिलं वर्ष निम्मा आणि दुसरं वर्ष पाव पगार मिळण्याची सोय आहे, पण ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये. माझा पगार तिच्या थोडा वर गेला होता. म्हणजे घाम गाळून जो चार पैसे वर चढला, तोच बाहेर राहिला.

आमच्या लाईनवर निम्म्याहून जास्त बायका होत्या, माशेल, भोम, सावई-वेऱ्याच्या. त्यांतली एक कपॅसिटरची पातळ फिल्म गुंडाळणाऱ्या वाइंडिंग मशीनचा नुसता आवाज ऐकून फिल्म कुठे सैल पडली ते सांगायची. मशीनला हात लावायच्या आधी. या कसबाचं तिच्याकडे एक सर्टिफिकेट नाही. आज ती बाणस्तारीच्या बाजारात भाजी विकते. मी फोंड्यात एका इमारतीवर वॉचमन आहे, निम्म्या पगारावर. कष्टाची लाज आम्हां दोघांनाही नाही. पण ते हात वाया गेले, याचं वाईट वाटतं.

साहेब, एक गोष्ट मला फार उशिरा कळली. परदेशी माल पाडलेल्या भावात येतोय अशी तक्रार उद्योगाने केली, की केंद्राचं व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करतं. उद्योगाला इजा झाली का हे पाहताना रोजगार आणि वेतन यांवर काय परिणाम झाला तेही तपासावं, असं नियमांतच लिहिलंय. त्या मालावर जादा शुल्क लागलं तर ते साधारण पाच वर्षं राहतं आणि कंपनी सावरते. म्हणजे इजा मोजायला आमच्या नोकऱ्या धरतात. ती इजा भरून काढताना मात्र ज्याची नोकरी आधीच गेली, त्याच्यासाठी काही नाही.

अमेरिकेने १९६२ सालीच यासाठी वेगळी योजना काढली होती. पुढे तिथे तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा. आयातीमुळे काम गेलं हे मान्य झालं की प्रशिक्षण मिळायचं, शिकताना भत्ता मिळायचा. मला सगळ्यात पटली ती पन्नाशीपुढच्यांची सोय: कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग सरकार द्यायचं, दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०,००० डॉलर. पन्नाशीच्या माणसाला वर्गात बसवण्यापेक्षा हे शहाणपणाचं. पण त्या कायद्याला मुदत होती. ती वाढवली गेली नाही आणि जुलै २०२२ पासून नव्या अर्जांचं दार बंद झालं. म्हणून आपल्याकडे जे करायचं ते दरवर्षी मुदतवाढीची वाट बघणारं नको.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकाकडून येतो तो पंधरा दिवसांचा पगार. पंधरा दिवसांच्या पगारात चाळीस-पंचेचाळिशीचा माणूस कुठलं नवं काम शिकेल?

सीमाशुल्क तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात, आणि गोव्याला अशी मदत नवी नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा राज्याने खाण अवलंबितांसाठी योजना काढल्याच ना? तसाच कायम निधी कारखान्यांतल्या कामगारांसाठी उभा करा. तीन कामगारांच्या सहीने अर्ज घेता येऊ द्या, कारण बंद पडलेल्या कंपनीत युनियन उरत नाही. पंचेचाळिशीपुढच्यांना पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षं द्या, ईएसआयची मर्यादा न बघता. आणि गेट बंद होण्याआधीच तुमचा माणूस शॉपफ्लोअरवर पाठवा, प्रत्येकाला काय येतं ते लिहून घ्यायला आणि आयटीआयकडून त्याचा दाखला द्यायला. आमच्या वायंडिंगवालीकडे तो कागद असता, तर वेर्ण्याच्या कुठल्यातरी कंपनीत तिला निदान मुलाखतीला तरी बोलावलं असतं.

माझं वय आता एकावन्न. या निधीचा मला उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही. पण कुंडई, मडकई, बेथोड्यात आज जे लाईनवर उभे आहेत, त्यांच्या गेटवर नोटीस लागायच्या आत हे व्हावं. अधिवेशनात हा विषय घ्याल का, एवढं कळवा.

आपला,
कुंडई औद्योगिक वसाहतीतला एक माजी कामगार