टॉवेल माझ्या खांद्यावरच होता

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय पैलवान,

दीड वर्षात तुला ना पत्र, ना फोन. दिवाळीला तुझा मेसेज आला तेव्हा ‘उद्या निवांत बोलतो’ असं कळवलं आणि तो उद्या आज उजाडला. आधी मनसोक्त शिव्या घालून घे. माझी मान आहे तशीच आहे, आईची साखर आटोक्यात आहे.

मे महिन्यात जिउ-जित्सूचा ब्लॅक बेल्ट मिळाला. नियमाने ब्लूमध्ये दोन वर्षं, पर्पलमध्ये दीड, ब्राऊनमध्ये एक, एवढं किमान काढावं लागतं. मला तेरा लागली. सरांनी कमरेला बांधला तेव्हा पहिली आठवण तुझी आली, आणि त्या आठवणीपायीच फोन करायचा धीर झाला नाही. पण आज लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही.

बारक्याचा खांदा गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि मला थांबवता येत असताना गेला. घरी सांगितलं तर म्हणतात, खेळात लागायचंच. तू तसं म्हणणार नाहीस म्हणून तुला लिहितोय.

बारक्या तुला आठवेल. मागे आला होतास तेव्हा मॅट पुसता पुसता तुझे कान बघून ‘काका, हे असे कसे झाले?’ विचारत होता. आता एकोणीस वर्षांचा आहे, ब्लू बेल्ट. वडील रिक्षा चालवतात. सकाळी सहाच्या बॅचला पावणेसहाला दारात हजर, मीच किल्ली घेऊन उशिरा पोचतो. गेल्या शनिवारी मुंबईत सेमीफायनल होती. सहा मिनिटांची मॅच, तो चौथ्या मिनिटाला खालून स्वीप मारून, म्हणजे समोरच्याला उलथवून, वर आला, दोन-शून्य. अठरा सेकंद उरलेली. आणि खालच्या पोराने क्लोज गार्डमधून, पायांचा विळखा कमरेला घालून, त्याचा उजवा हात किमुरात धरला, खांदा पिळणाऱ्या त्या पकडीत.

बारक्याने स्वतःचा बेल्ट मुठीत घट्ट पकडला. ती मूठ मला अजून दिसते. आधी करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. मी मॅटच्या कडेला गुडघ्यावर होतो, पाच-सहा हातांवर. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, पैलवान. टॅप करू का, हाताने थाप मारून हार मानू का, एवढंच विचारत होता. टॉवेल माझ्या खांद्यावरच होता. मी घड्याळाकडे बघितलं. अकरा. मग दहा. सुपारी फुटावी तसा आवाज आला.

तो आवाज मला ओळखीचा होता. तुलाही आहे.

आता आपलं जुनं भांडण काढतो, चिडू नकोस. अकरा वर्षं मी म्हणतोय की तू थाप मारायला हवी होतीस, आणि अकरा वर्षं तू म्हणतोस की मी हात सोडायला हवा होता. दांडेकर पुलाजवळच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये. मला वाटायचं तुझ्यातला तालमीतला गडी आडवा आला. पहिल्या दिवशी तूच म्हणाला होतास ना, ‘पाठ टेकली की कुस्ती संपली, तुमची तिथून सुरू होते, हा कसला खेळ!’ महिनाभर कुणाला पाठ लावून दिली नाहीस, अख्खा हॉल तुझ्या नावाने ओरडायचा. (त्या वेळचे माझे साडेतीनशे रुपये अजून यायचे आहेत, हेही लिहून ठेवतो.)

पण शनिवारपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. त्या दिवशी आपल्या दोघांशिवाय तिसरा माणूस तिथे उभा होता. सर. शिट्टी त्यांच्या तोंडात होती. आपण एकमेकांना दोष देत बसलो आणि त्यांचं नाव कधी घेतलं नाही, कारण ते सर होते. परवा मी त्यांच्याच जागी गुडघ्यावर होतो.

सर एक गोष्ट नेहमी सांगायचे, आठवतं? 1951 साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये आपल्या खेळातला ब्राझीलचा एलिओ ग्रेसी विरुद्ध जपानचा जुदोपटू मासाहिको किमुरा. किमुरा वजनाने कितीतरी भारी. त्याने हात पिळला, मोडला, पण एलिओने शेवटपर्यंत थाप मारली नाही. म्हणून त्या पकडीचं नाव किमुरा. ही गोष्ट ऐकून आपण कितीदा दात-ओठ खाऊन सहन केलं. आणि मीही गेली आठ वर्षं माझ्या पोरांना हीच सांगत आलो. त्यातला पुढचा भाग मात्र मीही गाळला: ती लढत थांबली ती थोरल्या भावाने, कार्लोसने, कोपऱ्यातून टॉवेल टाकला म्हणून. एलिओ अडतीस वर्षांचा होता तेव्हा. मी आज आहे तेवढाच. एकोणीस वर्षांच्या पोराने स्वतःहून थाप मारावी ही अपेक्षा मी ठेवली, आणि कार्लोसचं काम केलं नाही.

का केलं नाही तेही सांगतो. गॅलरीत सहा पालक बसले होते. जूनपासून दुसरा हॉल घ्यायचा विचार आहे, त्यासाठी नाव हवं होतं. फायनल गाठली असती तर फलकावर फोटो लागला असता. हे सगळं त्या सात-आठ सेकंदांत माझ्या डोक्यात येऊन गेलं. तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

लिगामेंट फाटलंय, बुधवारी ऑपरेशन आहे. पैशांचं मी बघतो, हॉलचं डिपॉझिट अजून दिलेलं नाही. दवाखान्यात गेलो तर बारक्या हसून म्हणतो, ‘सर, तुम्ही ओरडला नाहीत म्हणजे माझ्यावर विश्वास होता.’ त्याचे वडील माझ्या पाया पडायला वाकले. मी जिना उतरून पार्किंगमध्ये कितीतरी वेळ गाडीला टेकून उभा होतो.

त्याला खरं सांगायचंय, पण माझ्या तोंडून त्याला ते खोटंच वाटेल, सर मोठेपणा घेत नाहीत असं वाटेल. तू येशील का? तुझा खांदा त्याला दाखव. पावसाळ्यात रात्री कसा ठणकतो, दुकानातलं वरच्या फळीवरचं पोतं उतरवायला अजून पोऱ्या बोलवावा लागतो, हे सांग. आणि त्याच्यासमोर मला जे बोलायचं ते बोल. अकरा वर्षांचं साठलेलं असेल तेही. तेव्हा हात मी सोडायला हवा होता, पैलवान. तू थाप मारली नव्हतीस तरी.

पोरीच्या दहावीचं काय झालं? शटर नवीन बसवलं म्हणे, बरं केलंस. वहिनींना नमस्कार सांग, काकूंच्या गुडघ्याला मी दिलेलं तेल लावतात का विचार.

मंगळवारी सकाळच्या साताऱ्याच्या गाडीने ये. स्वारगेटला मी घ्यायला येतो, आणि तिथून थेट दवाखान्यात जाऊ. नाश्ता नंतर.

तुझाच,
जोडीदार