न्यूझीलंडचा गॅस आणि कोरडा हिवाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अक्षय ऊर्जेचा विषय निघाला की न्यूझीलंडचा दाखला हमखास दिला जातो. तिथली सुमारे ८५ टक्के वीज जल, भूऔष्णिक आणि पवन ऊर्जेतून येते, हे खरेच. पण ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, तिथेच घाऊक वीज मेगावॅट-तासाला ८०० न्यूझीलंड डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे युनिटला ८० सेंट!

तिथली जलाशये तुडुंब भरली तरी वर्षाच्या मागणीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच वीज साठते. हिवाळ्यात दक्षिण बेटावरचे पाणी बर्फ होऊन डोंगरावरच अडकते आणि मागणी नेमकी तेव्हाच चढते. मग भार गॅस आणि कोळशावर. गॅस येतो फक्त उत्तर बेटावरच्या तारानाकी भागातून. बाहेरून एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) उतरवायला टर्मिनल नव्हते. जुन्या विहिरींचा दाब घटत जातो, त्यामुळे कोरड्या, म्हणजे कमी पावसाच्या वर्षी दुप्पट गॅस काढू म्हटले तरी निघत नाही. शिवाय विक्रेत्याला बारमाही गिऱ्हाईक हवे असते, वीज कंपनीला मात्र मोजके आठवडे भरपूर गॅस.

हा मेळ २०२४ मध्ये घातला मिथेनॉल बनवणाऱ्या मेथॅनेक्स कंपनीने. देशातल्या या सर्वांत मोठ्या गॅस ग्राहकाने मिथेनॉलचे उत्पादन ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबवून गॅस कॉन्टॅक्ट आणि जेनेसिस या वीज कंपन्यांना विकला. साठवणुकीच्या कुठल्याही तक्त्यात हा कारखाना दिसत नाही, पण काम त्याने तेच केले. आता गॅसक्षेत्रेच आटत असल्याने हाही आधार पातळ होत चालला आहे.

किमतीचे गणित सोपे आहे. एका मेगावॅट-तासाला कम्बाइंड सायकल संचात (जो वाया जाणाऱ्या उष्णतेतूनही वीज काढतो) सुमारे ७ गिगाज्यूल गॅस जळतो, तशी सोय नसलेल्या ओपन सायकलमध्ये १०. गॅस गिगाज्यूलला ५० डॉलरने घेतला तर नुसते इंधनच अनुक्रमे ३५० आणि ५०० डॉलरचे. आणि बाजारात शेवटच्या, सर्वांत महाग संचाचा दर सगळ्यांना मिळतो, धरणवाल्यांनाही.

समुद्रात तेल-गॅस शोधण्याचे नवे परवाने थांबवणाऱ्या २०१८ च्या बंदीवर सारे खापर फोडणे मला पटत नाही. चालू परवाने तेव्हाही शाबूत होते आणि नव्या क्षेत्रातून गॅस यायला दशकभर सहज लागते. बंदी २०२५ मध्ये उठली, म्हणून पुढच्या हिवाळ्यात विहीर वाहू लागणार नाही. त्यापेक्षा तारानाकीतल्या अहुरोआची भूमिगत गॅस साठवण आणि कोळसा व गॅस दोन्हींवर चालणारे हंटली वीज केंद्राचे संच लवकर कामी येतात.

आपल्याकडेही उरण-दाभोळचे संच गॅसअभावी पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. सौर वीज वाढेल तशी त्यांची गरज संध्याकाळपुरती उरेल. तेव्हा गॅसचे करार करताना वार्षिक आकड्याआधी दिवसाला, तासाला किती गॅस उचलता येईल ते ठरवून घ्यावे.

आपला,
वीजक्षेत्रातील एक अभियंता, ठाणे