घरगुती सीएनसी : आधी सांगाडा, मग मोटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाच्या आज्ञेवर लाकूड, अ‍ॅक्रिलिक, पितळ, अ‍ॅल्युमिनियम कोरणारा छोटा सीएनसी राउटर घरी बांधण्याची हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली इथल्या कारखान्यांमुळे महाराष्ट्रात यंत्राची जाण असलेली माणसे आहेत. सुटे भागही लॅमिंग्टन रोड, नागदेवी स्ट्रीट आणि पुण्याच्या तपकीर गल्लीपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे मिळतात. तरीही सुरू केलेली बरीच यंत्रे अर्धवट राहतात, कारण खरेदी उलट्या टोकाने सुरू होते. आधी आर्डुइनो (यंत्र चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), मोटरांना प्रवाह देणारे ड्रायव्हर आणि मोटरा येतात, आणि उरलेल्या पैशांत सांगाडा उभा राहतो. कंट्रोलर पुढे कधीही बदलता येतो. सांगाडा लवचीक निघाला तर मात्र दुसरे यंत्रच बांधावे लागते.

एक साधा हिशेब पाहावा. १२ मिमीचा पोलादी रॉड ५०० मिमी अंतरावर दोन टोकांना टेकवला आणि मध्यावर ५ किलोचा भार आला, तर तो सुमारे ०.६ मिमी वाकतो. हौशी यंत्राने अ‍ॅल्युमिनियमवर एका फेरीत घ्यायचा कट असतो ०.२ ते ०.३ मिमी. म्हणजे रॉडचा बाकच कटाच्या दुप्पट ठरतो. रॉड १६ मिमीचा घेतला तर बाक ०.२ मिमीवर येतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो. १२ मिमीच्याच रॉडची लांबी निम्मी केली तर तो आठपट कमी होतो. म्हणून पहिले यंत्र ३०० × ४०० मिमी टेबलाचे असावे. चार फुटी दरवाजा कोरण्याचा मोह तूर्त आवरावा. अधांतरी रॉडऐवजी खालून पूर्ण लांबीभर आधार असलेली एसबीआर १६ रेल घ्यावी, आणि परवडत असेल तर एचजीआर १५ ही चौकोनी रेल. ३०१८ नावाने मिळणाऱ्या तयार किटमध्ये (३०० × १८० मिमी) अधांतरी रॉडच असतात. जी-कोड (यंत्राला द्यायच्या आज्ञांची भाषा) शिकायला, लाकडी पाट्या आणि सर्किट बोर्ड कोरायला ते किट चांगले आहे. अ‍ॅल्युमिनियमची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

सांगाड्यासाठी १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) स्वस्त पडते, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते फुगते आणि रेलचे समांतरपण बिघडवते. टेबलावरचा बदलता पाट म्हणून ते योग्य आहे. तो पाट यंत्रावरच पाव-अर्धा मिमी फेस करून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, घेता येतो. ४० × ४० मिमी अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रूजन सरळ असतात आणि घरी जुळवता येतात. ५० × ५० मिमी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) नळीचा वेल्ड केलेला सांगाडा त्याहून ताठ होतो. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली जाते, त्यामुळे रेल बसणारे पृष्ठभाग वेल्डिंगनंतर मिलिंगवर सपाट करून घेणे भागच आहे. हा टप्पा गाळून रेल थेट रंगवलेल्या नळीवर आवळली, तर नळी जशी वाकडी तशीच रेलही वाकडी बसते.

दोन रेल समांतर बसवताना एक रेल सरळपट्टीला लावून पक्की करावी. दुसरीचे बोल्ट सैल ठेवून गॅन्ट्री (रेलवर सरकणारी, कटरची मोटर धरणारी आडवी कमान) एका टोकाला न्यावी, तिथले बोल्ट आवळावेत, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिथले आवळावेत. हाताने सरकवताना गॅन्ट्री कुठेही जड लागता कामा नये. काटकोनासाठी गुण्यावर विसंबू नये. एक्समध्ये ३०० आणि वायमध्ये ४०० मिमी अंतरावर चार बारीक भोके पाडावीत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही ५०० मिमी आले पाहिजेत. फरक दिसला तर गॅन्ट्रीचे एक टोक शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून किंवा सरकवून सुधारावे.

स्क्रूसाठी १६ मिमी व्यासाचा, ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात नट ५ मिमी सरकवणारा) एसएफयू १६०५ बॉल स्क्रू घ्यावा. आठ मिमीचा पितळी नटवाला लीड स्क्रू स्वस्त असतो, पण नट झिजतो आणि बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना जाणवणारा ढिलेपणा, वाढत जातो. बॉल स्क्रूचा नट कधीही स्क्रूवरून मोकळा काढू नये. आतल्या गोळ्या सांडतात आणि त्या परत भरणे फार किचकट काम आहे. टोके आधीच टर्न केलेला स्क्रू मागवावा. बीके १२ बेअरिंग ब्लॉकसाठी टोक १२ मिमीचे लागते, पुढे स्क्रू मोटरला जोडणाऱ्या कपलिंगसाठी १० मिमीचे. स्क्रूचा वरचा थर कडक असतो, त्यामुळे साध्या एचएसएस टूलने टोके उतरवायला गेल्यास टूलच जळते.

पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरा नेमा २३ मापाच्या, म्हणजे ५७ मिमी चौकोनी तोंडाच्या घ्याव्यात. त्यांना डीएम५४२ सारखा स्वतंत्र ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा पुरवठा द्यावा. वेग वाढला की मोटरच्या वेटोळ्यात प्रवाह चढायला वेळ उरत नाही, आणि १२ व्होल्टवर जोर लवकर गळतो. पुरवठा चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो. नेमा १७ ही लहान मोटर आणि ए४९८८ हा छोटा ड्रायव्हर वापरणाऱ्यांनी व्हीरेफचा (प्रवाहाची मर्यादा ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) आकडा दुसऱ्याच्या बोर्डावरून उचलू नये. प्रवाह म्हणजे व्हीरेफ भागिले सेन्स रेझिस्टरच्या आठपट. बोर्डावर आर१०० (म्हणजे ०.१ ओहम) असे छापलेले असेल, तर ०.८ व्होल्टला १ अ‍ॅम्पियर. रेझिस्टर वेगळा असेल, तर त्याच व्होल्टला प्रवाहही वेगळा.

आर्डुइनो उनोवर जीआरबीएल १.१ हे जी-कोड वाचून मोटरांना पावले देणारे मोफत फर्मवेअर पहिल्या यंत्राला पुरते. मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप ठेवले, म्हणजे एका पावलाचे आठ भाग केले, तर १६०५ स्क्रूवर २०० × ८ ÷ ५ = ३२० पावले प्रति मिमी होतात. हा आकडा जीआरबीएलच्या $१००, $१०१, $१०२ या सेटिंगमध्ये भरावा. अनेकजण अचूकता वाढेल या समजुतीने ३२ मायक्रोस्टेप लावतात. त्याने १,२८० पावले प्रति मिमी होतात, आणि उनोवरचे जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पावलेच देऊ शकत असल्याने वेगाची मर्यादा मिनिटाला ५,६०० मिमीवरून १,४०० वर येते. अचूकता मात्र सांगाडा आणि स्क्रूच ठरवतात.

स्पिंडलबाबत एक धोक्याची सूचना. मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) ४०० हर्ट्झवर चालतो. त्याला हवी ती फ्रिक्वेन्सी पुरवणाऱ्या व्हीएफडी या उपकरणाची बेस फ्रिक्वेन्सी (जिथे पूर्ण व्होल्टेज मिळते ती) ५० हर्ट्झवर राहिली, तर कमी वेगालाच पूर्ण व्होल्टेज मिळते आणि वेटोळे जळते. स्पिंडल पहिल्यांदा फिरवण्याआधी व्हीएफडीचे पॅरामीटर पाहावेत. स्पिंडलच्या अंगाला खरे अर्थिंग हवे. भिंतीवरच्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थची वायर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

पहिला प्रोग्रॅम कटरऐवजी पेन लावून कागदावर चालवावा. मग एमडीएफमध्ये ५० मिमीचे वर्तुळ कापून ते व्हर्निअरने मोजावे. यंत्राचा दोष त्या वर्तुळातच सापडतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिथे दिशा उलटते तिथे बारीक पायरी दिसली, तर बॅकलॅश आहे. वर्तुळ एक्स किंवा वायच्या दिशेने लांबट आले, तर पावले प्रति मिमीचा आकडा चुकला आहे. तिरक्या, ४५ अंशांच्या दिशेने लांबट आले, तर काटकोन चुकला आहे. काम हळूहळू एकाच बाजूला सरकत गेले, तर आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) पाहावा. मोटरच्या शाफ्टवर तो बसेल तिथे कानशीने छोटा सपाट भाग करावा आणि थ्रेडलॉकर लावून आवळावा. ग्रब स्क्रू घट्ट असूनही काम सरकत असेल, तर $१२० ते $१२२ मधला प्रवेग निम्म्यावर आणून पाहावा. व्हॅक्यूम क्लीनर किंवा स्पिंडल सुरू होताच यंत्र मध्येच थांबले, तर अक्षाच्या टोकाशी यंत्र थांबवणाऱ्या लिमिट स्विचच्या वायरीत नॉइज शिरतो आहे. तिथे शील्ड असलेली केबल वापरावी, शील्डला अर्थ एकाच टोकाला द्यावा, आणि स्विच एरवी जोडलेल्या अवस्थेत राहणारा घ्यावा. म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबते.

कटर जळण्याची तक्रार नवशिक्यांकडून फार ऐकू येते आणि उपाय म्हणून ते फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, आणखी कमी करतात. खरे तर फीड वाढवायला हवा. कटरच्या प्रत्येक धारेने ठरावीक जाडीचा छिलका काढला पाहिजे. तसे झाले नाही तर ती नुसती घासते आणि तापते. फीड म्हणजे मिनिटाचे फेरे × धारा × छिलक्याची जाडी. एमडीएफसाठी ३ मिमीचा दोन धारांचा कटर, १२,००० फेरे आणि ०.०५ मिमी छिलका धरला, तर मिनिटाला १,२०० मिमी, खोली दीड मिमी. अ‍ॅल्युमिनियमसाठी एका धारेचा ३ मिमी कटर, तेवढेच फेरे आणि ०.०२५ मिमी छिलका, म्हणजे ३०० मिमी, खोली ०.२ मिमी. ६०६१ किंवा ६०८२ जातीचे अ‍ॅल्युमिनियम घ्यावे. भांड्यांच्या पत्र्याचे मऊ अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटते आणि कटर मोडतो. ब्रशने रॉकेल लावण्याची रीत जुनी आहे, पण स्पिंडल म्हणून लावलेल्या कार्बन ब्रशच्या ट्रिमरमधून ठिणग्या उडतात, तेव्हा कटिंग ऑइलच वापरावे.

फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या १.० आवृत्तीत कॅमची, म्हणजे ड्रॉइंगवरून जी-कोड बनवण्याची, सोय आहे आणि ते पूर्ण मोफत आहे. पोस्ट-प्रोसेसर (जी-कोड यंत्राच्या पद्धतीने लिहिणारा भाग) जीआरबीएलचा निवडावा आणि फाइलच्या सुरुवातीला जी २१ (मापे मिमीत) असल्याची खात्री करावी. जी २० राहिले तर यंत्र मिमीला इंच समजते आणि २५.४ पट लांब धावते.

आणीबाणीचे बटण कंट्रोलरबरोबर स्पिंडलचाही पुरवठा तोडणारे हवे. वीज जाण्याच्या दृष्टीनेही दोन्ही एकाच कॉन्टॅक्टरवर (वीज जाताच सुटणाऱ्या स्विचवर) असावेत. मोटरा इन्व्हर्टरवर चालू राहिल्या आणि स्पिंडल थांबला, तर कटर मोडतोच. वीज आल्यावर होमिंग (लिमिट स्विचला टेकवून शून्य जागा ठरवणे) केल्याशिवाय काम पुढे चालू करू नये, कारण स्टेपर मोटरला आपली जागा आठवत नाही. चष्मा लावावा, एमडीएफसाठी एन९५ मास्क लावावा. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस यंत्राजवळ नकोत.

वर सांगितलेल्या कामांपैकी काही मोजकी घरी होत नाहीत, आणि हौशी माणसाचे घोडे तिथेच अडते. जॉब वर्क करणारे कारखाने शंभर नगांची ऑर्डर घेतात, दोन प्लेटा घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवतात. त्यांचाही नाइलाज असतो, सेटिंगचा वेळ दोन नगांत वसूल होत नाही. मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडर आणि जाणते निदेशक आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. खेडेगावातही सर्वांना वापरता येणारी कार्यशाळा चालते, हे तिथे दिसते. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने निदान औद्योगिक वसाहतींजवळच्या आयटीआयमध्ये शनिवारी दुपारी अशी सोय सुरू करावी. मापे घातलेले ड्रॉइंग आठवडाभर आधी द्यावे, यंत्र निदेशकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षणार्थ्याने चालवावे, टूल आणि विजेचा खर्च आकारावा. प्रशिक्षणार्थ्यांनाही ठरावीक जॉबपलीकडचे, कुणाच्या तरी खऱ्या गरजेचे काम मिळेल. रेलखालचे पृष्ठभाग फेस करणे, गॅन्ट्रीच्या दोन बाजूच्या प्लेटा एकत्र आवळून भोके पाडणे, बेअरिंगच्या जागा बोअर करणे आणि स्क्रूची टोके उतरवणे एवढी कामे तिथे झाली, तर बाकीचे यंत्र घरच्या टेबलावर पाना, टॅप आणि डायल गेजच्या साहाय्याने जुळवता येते.

आपला नम्र,
एक यंत्र अभियंता, निगडी, पुणे