रेघेच्या आतून की बाहेरून?

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून तुझ्या वर्गातला तो नववीतला मुलगा डोक्यातून जात नाही. तू फळ्यावर युक्लिडची व्याख्या लिहिलीस, ‘रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी’, आणि तो म्हणाला, "सर, रुंदीच नाही तर मग दिसते कशी?" तू त्याला गप्प बसवलं नाहीस, फार बरं केलंस. मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून रेघा ओढतोय. मला हाच प्रश्न एका गवंड्यानं विचारला होता, पण तेव्हा तो मला ऐकूच आला नाही.

परळला एका इमारतीचं लाइनआउट, म्हणजे जमिनीवर भिंतींची आखणी, चाललं होतं. मी नवखा. आखणीच्या पांढऱ्या भुकटीचा, फक्कीचा, पट्टा चांगला दोन बोटं रुंद पडला होता. गवंडी उकिडवा बसून म्हणाला, "साहेब, भिंत रेघेच्या आतून घेऊ की बाहेरून?" मी "रेघेवर घ्या" म्हणून निघून आलो. माझ्या मनात ती भिंतीची मधली रेघ होती, त्यानं धरली कड. नऊ इंची भिंत साडेचार इंच सरकली, दोन थर उतरवावे लागले. चूक माझी होती, पण म्हातारा एका शब्दानं बोलला नाही. त्यानं दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणली आणि तिच्यावर नख टेकवलं. "दोरीला जाडी आहे साहेब. म्हणून तिची ही कड धरायची. कडेला जाडी नसते."

मित्रा, युक्लिडही पुढे हेच सांगतो, पृष्ठाच्या कडा म्हणजे रेषा. त्या मुलाला सांग, पेन्सिलीची रेघ म्हणजे शिशाचा एक चिंचोळा पट्टा. शिसं जिथं संपतं आणि कागद सुरू होतो, तिथं बघ. रेषा तिथं आहे, आणि एका रेघेला अशा दोन आहेत.

तसं पाहिलं तर सगळी भूमिती दोरीतूनच आली. शुल्ब म्हणजे दोरी; बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी दोरी आणि खुंट्यांनी आखायची. आमचे गवंडी आजही तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण धरून काटकोन काढतात. ‘सुतार’ हा शब्दही सूत्रधारातून आला. इंग्रजीतल्या ‘लाइन’च्या मुळाशीसुद्धा लॅटिनमधला जवसाचा धागाच आहे.

आता ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या प्रोग्राममध्ये, मी रेघ काढतो तेव्हा कॉम्प्युटर फक्त दोन टोकं लक्षात ठेवतो. जाडी नाहीच. प्रिंट काढताना ती आपण द्यायची, कापलेल्या भिंतीला जाड, मागच्या पायरीला बारीक. युक्लिडची रेषा रोज माझ्या पडद्यावर असते, आणि तरी मला ट्रेसिंग पेपरची आठवण येते.

कारण चित्रातली रेघ जाडीतूनच बोलते. हात कुठे थबकला, श्वास कुठे सुटला, सगळं तिच्यात उतरतं. नसरीन मोहमदींची (१९३७–१९९०) चित्रं तू पाहायलाच हवीस. जन्म कराचीचा, पण वाढल्या मुंबईत. पुढे बडोद्याला शिकवत. आम्ही वापरायचो तीच आखणीची साधनं, तीच शाई, पेन्सिल. नुसत्या समांतर रेघा, कुठे दाट, कुठे विरळ, आणि सपाट कागद तुमच्यासमोर कलतो. आजारानं हातावरचा ताबा सुटत चालला होता तेव्हाही त्या रेघा तशाच नेमक्या राहिल्या. मी ते काम केलंय, म्हणून सांगतो, निरोगी हातालाही शंभर रेघांमधलं अंतर राखताना मान अवघडते. बहुतेक चित्रांना त्यांनी नावंही दिली नाहीत. मला ते पटतं.

दिवाळीच्या सुट्टीत ये. साइटवर दोरी धरायला तुलाच उभा करतो.

सोबत जुन्या ट्रेसिंगचा एक तुकडा पाठवतोय, त्या मुलासाठी. त्यावरची एक रेघ चुकली होती, ती मी ब्लेडनं खरवडून काढली. दिसत नाही. त्याला डोळे मिटून बोट फिरवायला सांग. उजव्या कोपऱ्याशी लागेल.

वहिनींना नमस्कार.

तुझाच मित्र